फसलेल्या प्रयोगांचा शनिवार

घोटीच्या बाईंना वर्गातूनच निवृत्त व्हायचं होतं. आजारपणाच्या रजेवरून नाही, घरातल्या खाटेवरून नाही. फळ्यासमोरून, हाताला खडू लागलेला असताना. त्यांचं एवढंच मागणं होतं. ते पुरं व्हावं म्हणून आम्ही सात-आठ विज्ञान शिक्षक काही महिने जिवाचा आटापिटा करत होतो. त्याचं काय झालं ते लिहायला बसले आहे. लिहिताना मला राग येणार आहे, रडूही येणार आहे, त्याला इलाज नाही.

शिक्षकांना एकत्र बसवण्यात आपल्याकडे काही कमी नाही. प्रशिक्षणं उदंड. खच्चून भरलेलं सभागृह, पुढं पडदा, पडद्यावर गेल्याच वर्षीच्या स्लाइड, आणि स्लाइडवर लिहिलंय तेच मोठ्यानं वाचून दाखवणारा सुलभक. मध्ये झोप येऊ नये म्हणून टाळ्यांचा खेळ. मग गटकार्य, म्हणजे पाच पन्नाशीच्या माणसांनी एका चार्टपेपरवर स्केचपेनांनी फुलं काढायची आणि मधोमध 'कृतीतून शिक्षण' असं लिहायचं. चहा, हजेरीची सही, घर. हल्ली तर तेवढेही कष्ट नाहीत, मोबाइलवर लिंक येते. एका बाजूला तो व्हिडिओ चालू ठेवून दुसऱ्या बाजूला मी पोळ्या लाटलेल्या आहेत, आणि शेवटी माझं अभिनंदन करणारं प्रमाणपत्रही आलेलं आहे. पोळ्या बऱ्या झाल्या होत्या.

पण या प्रशिक्षणांची खरी गोम वेगळीच असते. तिथं उभं राहून जो तो आपला जमलेला प्रयोग सांगतो. माझी मुलं कशी रमली, माझ्या मुलांनी कसे प्रश्न विचारले. वर्गात जे फसलं ते कुणी सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मग शेजारच्या शाळेत दुसरा कुणी तोच प्रयोग करतो, तसाच फसतो, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

ही मूठ घोटीच्या बाईंनी उघडली. त्यांनी आमचा गट सुरू केला. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत जमायचं. आमची शाळा सातपूरला, औद्योगिक वसाहतीला लागून. बस सगळीकडून मिळते, आणि शनिवारी दुपारी शिपायाशिवाय शाळेत कुणी नसतं. ज्याची पाळी असेल त्यानं वर्गात फसलेला प्रयोग आणायचा. जमलेला आणायला बंदी. तो वर्गात जसा केला तसाच, त्याच चुकांसकट करून दाखवायचा. बाकीच्यांनी मुलांच्या बाकांवर बसायचं आणि मुलांसारखंच वागायचं. शंका विचारायच्या, हवं तर खोड्या काढायच्या, पण प्रयोग चालू असताना चूक दाखवायची नाही, टोकायचं नाही, मदत करायची नाही. सगळं फसून झालं की करणाऱ्यानं विचारायचं, "कुठं चुकलं?" मग वाटेल तेवढं बोला.

माझी पाळी आली तेव्हा मी काचेच्या हंडीतली घंटा घेतली होती. हंडीतली हवा काढून घेतली की घंटेचा आवाज ऐकू येईनासा होतो, कारण ध्वनीला प्रवासाला माध्यम लागतं. पुस्तकात तसंच लिहिलंय. आमच्या शाळेचा पंप गळका असल्यामुळे घंटा वाजतच राहिली, आणि वर्गातल्या एका मुलीनं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "बाई, ऐकू येतंय की." मी तिच्यावर खेकसले होते. शनिवारी मी तेही करून दाखवलं, खेकसण्यासकट. घोटीच्या बाई मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग पुढं येऊन म्हणाल्या, "अगं, पंप गळतोय तर गळू दे. हवा थोडी कमी झाल्यावर आवाज जरासा बारीक झाला होता, तो तू पोरींना ऐकूच दिला नाहीस. लगेच चिडलीस." खरं होतं. सोमवारी वर्गात मी तसं केलं आणि सगळा वर्ग श्वास रोखून तो बारीक होणारा आवाज ऐकत बसला.

गटात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. ज्याची शाळा जिथं, ते त्याचं नाव. निफाडचे सर द्राक्षांच्या दिवसांत मोटारसायकलला पाटी बांधून द्राक्षं आणायचे आणि 'निर्यातीतून नापास झालेली आहेत, म्हणजे आपल्या गटाचीच' असं म्हणायचे. मी सातपूर. बाकी सगळे मला अहो-जाहो करतात, माझ्या जिभेला जरा वचकून असतात. अगं-तुगं करणाऱ्या घोटीच्या बाई एकट्याच. मी घरातून निघताना आमचे हे रोज विचारल्यासारखं विचारायचे, "निघाली का फसलेल्यांची सभा?" मी म्हणायचे, हो, तुम्ही आजीव सभासद आहातच, पण तुम्हाला बोलावलेलं नाही.

बाईंचं वय निवृत्तीच्या जवळ आलेलं. ठेंगण्या, चष्म्याला दोरी, खांद्याला शबनम, शबनममध्ये परीक्षानळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणि डब्यात मुरमुऱ्यांचा चिवडा. घोटीहून एसटीनं नाशिक, तिथून शहर बसनं सातपूर, बरेचदा उभ्यानं. नवरा गेलेला, मुलगा भातगिरणीत कामाला, सून घर सांभाळते. उभी हयात त्यांनी एकाच शाळेत काढली. जिल्ह्यात त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण कुठल्या आडगावच्या शाळेत नवीन विज्ञान शिक्षक आलाय, त्याच्याकडे साधा सूक्ष्मदर्शकही नाही, हे त्यांना बरोबर कळायचं, आणि पुढच्या महिन्यात तो माणूस आमच्या बाकावर चिवडा खात बसलेला दिसायचा.

त्यांचं पहिलं काहीतरी बिनसलं ते आम्हाला बिनसलेलं वाटलंच नाही.

त्या शनिवारी त्यांनी मॅग्नेशिअमची फीत जाळायचा प्रयोग आणला होता. चिमट्यात फीत धरली, ज्योतीवर धरली, आणि धरूनच राहिल्या. फीत पेटेना. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "कुठं चुकलं?" आम्ही तुटून पडलो. फितीवर ऑक्साइडचा थर होता, ती आधी पॉलिश पेपरनं घासायला हवी होती, ओलाव्यात राहिलेली होती, जुनी होती. घोटीकडं पाऊस जास्त, साहजिक आहे. किती छान उदाहरण निवडलंत बाई, असंही कुणीतरी म्हणालं. बाई ऐकत होत्या. "घासायची असते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "होय. घासायची असते."

पुढच्या पाळीला बहिर्वक्र भिंग. मेणबत्ती भिंगाच्या अगदी जवळ ठेवली आणि पलीकडं पडदा धरून त्या प्रतिमा शोधत राहिल्या. पडदा पुढं घेतला, मागं घेतला, परत पुढं घेतला. एवढ्या जवळच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर कधी मिळत नाही, हे त्यांनीच आमच्यातल्या निम्म्यांना समजावलेलं होतं. आम्हाला वाटलं, मुलं कशी गोंधळतात ते बाई किती हुबेहूब करून दाखवतात. निफाडचे सर तर चर्चेत फळ्यावर आकृती काढायला धावले. बाई फळ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा नवीन काही समजल्यावर होतो तसा झाला होता. मी तो चेहरा पाहिला आणि मनात म्हटलं, बाईंनी नाटकात जायला हवं होतं.

एकदा त्यांनी मॅग्नेशिअमची फीतच परत आणली. कुणीतरी म्हणालं, बाई, हा झालाय की. त्या हसल्या. "तुम्हाला आठवतं का ते बघत होते." आम्हीही हसलो.

आम्ही सगळे निरीक्षण शिकवून पोट भरणारे लोक. वर्गात मुलांना सांगतो, नुसतं बघू नका, टिपा. आणि आमच्यासमोर एक माणूस महिन्या-महिन्यानं थोडं थोडं पुसलं जात होतं, तेव्हा आम्ही फितीवरच्या थरावर भांडत होतो. चूक फितीत असणार, भिंगात असणार, हवेतल्या ओलाव्यात असणार; बाईंत असेल हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, कारण फसलेलं घेऊन यायचं हाच आमचा शिरस्ता. दुसऱ्या कुठल्या सभेत बाई अशा अडखळल्या असत्या तर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी भुवया उंचावल्या असत्या.

मग तो आम्लाचा शनिवार आला. पाण्याचं विद्युत अपघटन करायचं होतं. त्याला पाण्यात थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घालावं लागतं, आणि शाळेत ते तीव्र आम्लापासून आपणच बनवायचं असतं. तिथं एक गोष्ट जन्मात विसरायची नसते. आम्ल पाण्यात घालायचं, थेंब थेंब, ढवळत. पाणी आम्लात कधी ओतायचं नाही. ओतलं तर ते तिथल्या तिथं उकळतं आणि अंगावर उडतं. नवा शिक्षक गटात आला की घोटीच्या बाई त्याला आधी हे विचारायच्या, मग चिवडा द्यायच्या.

त्यांनी चंचुपात्रात आम्ल घेतलं. बाजूला पाण्याचं पात्र होतं, ते उचललं. आम्ही बाकांवर एकमेकांकडे बघून हसलो, की आज बाई पोरांची सगळ्यात मोठी चूक दाखवणार, आता ऐन वेळी थांबतील आणि आम्हाला झापतील. निफाडच्या सरांना काय वाटलं कोण जाणे, ते अर्धवट उठले आणि म्हणाले, "बाई, अहो..."

"ओ निफाड," बाई मान वर न करता म्हणाल्या, "मध्ये बोलायचं नाय. नियम काय हाय आपला?"

सगळे हसले. सर बसले. बाईंनी पाणी ओतलं.

चर्र झालं, वाफ आली आणि ते उसळून त्यांच्या मनगटावर आणि पदरावर उडालं. चष्म्यानं डोळे वाचवले. निफाडच्या सरांनी दोन ढांगांत त्यांना नळाखाली ओढून नेलं आणि नळ पुरा सोडून त्यांचा हात धरून ठेवला. मी त्यांचा पदर पाण्यात बुडवत होते आणि माझ्या हातात त्या सुती कापडाला भोकं पडत होती. कुणी सोडा शोधत होतं, कुणी रिक्षासाठी खाली पळालं होतं. या सगळ्या गडबडीत बाई एकदम शांत होत्या. नळाखाली हात तसाच ठेवून त्यांनी मागं वळून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं चुकलं?"



त्या क्षणी मला कळलं की त्या नाटक करत नव्हत्या. आजच नाही, फितीच्या वेळीही नव्हत्या आणि भिंगाच्या वेळीही नव्हत्या. वर्गात काहीतरी सुटत होतं, हातातून निसटत होतं, ते त्यांना कळत होतं, आणि ते घेऊन येण्यासारखी एकच जागा त्यांना होती. बसमध्ये उभं राहून त्या एवढ्या लांब आमच्याकडे विचारायला येत होत्या, आणि आम्ही त्यांना पॉलिश पेपर सांगत होतो. मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथं त्या चंचुपात्रावर ओरडले असते.

मनगट बरं झालं, डाग राहिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. तिला मी एक-दोनदाच पाहिलं होतं.

"बाई, तुम्हाला विचारू का? आईंचं शाळेत पण असंच व्हतं का?" ती म्हणाली. "घरी लय दिवस झाले. गॅस चालू राहतो. दूधवाल्याला दोनदा पैसे देत्यात. मी ह्यांना बोलले तर हे म्हणाले, आई मास्तरीण हाय, तिला काय व्हतंय."

मी तिला सांगितलं, ताबडतोब डॉक्टरकडे ने. नाशिकला आणलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी जे सांगितलं ते सुनेनं मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. विस्मरणाचा आजार आहे, सुरुवात होऊन गेलेली आहे, औषधांनी जरा सावकाश होईल, पण मागं फिरणार नाही. तेव्हा बाई आतल्या बाकावर शेजारच्या म्हातारीला तिच्या रक्ताच्या रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन म्हणजे काय ते समजावत होत्या. अगदी बरोबर समजावत होत्या.

त्या दिवशी त्यांनी मला ते सांगितलं. आम्ही बसस्टँडवर चहा घेत होतो. "सातपूर, माझी थोडीच नोकरी राहिली गं. मला वर्गातनं निवृत्त व्हायचंय. घरातनं नाही. तेवढं बघ."

तेवढं बघ, असं म्हणाल्या. जणू मी कुणी मोठी अधिकारी होते.

त्यांचे मुख्याध्यापक माणूस म्हणून चांगले निघाले. त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली बाईंकडून गोड बोलून काढून घेतली आणि त्यांना फक्त आठवीचे पुस्तकी तास ठेवले. पण ते पुस्तकी तास तरी कसे व्हायचे? त्यावर निफाडच्या सरांनी तोडगा काढला. वार वाटून घ्यायचे. रोज संध्याकाळी दिवेलागणीला आमच्यातल्या एकानं बाईंना फोन करायचा आणि उद्याचा धडा त्यांच्यासोबत घ्यायचा. आधी आपण सांगायचं, मग बाईंनी तो आपल्याला वर्गासमोर उभं राहिल्यासारखा शिकवायचा. सकाळी त्या ताज्या आठवणीवर वर्गात जायच्या. माझा वार बुधवार.

मी इतकी प्रशिक्षणं घेतली, दिली, भोगली. पण शिकवणं म्हणजे काय ते मला त्या बुधवारांनी शिकवलं. सुरुवातीला बाई मला सरळ करायच्या. "अगं, लय घाई करतेस. अणू सांगण्याआधी थांब जरा. पोरांना आधी नवल वाटू दे." मी धडा सांगायचे आणि त्या पलीकडून तो परत सांगायच्या, आणि त्यांच्या तोंडून परत आलेला धडा माझ्यापेक्षा नेहमी चांगला असायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मी त्यांचाच धडा शिकवायचे. आमच्यातल्या सगळ्यांचं तेच चाललं होतं. निफाडचे सर म्हणायचे, आपण बाईंना सांभाळतोय की बाई आपल्याला, काही कळत नाही. असे बरेच महिने गेले. मला आशा वाटायला लागली होती. निवृत्तीच्या दिवशी आपण सगळे घोटीला जाऊ, शाळेच्या दारात उभे राहू, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. आमच्या ह्यांना म्हटलं, त्या दिवशी तुम्हीही चला.

हिवाळ्यात धडा परत सांगताना त्यांचं वाक्य मध्येच तुटायला लागलं. मग एका बुधवारी त्यांनी फोन घेतला तोच म्हणाल्या, "आज धडा नको. मी उद्या अर्ज देतेय."

मी म्हटलं, कसला अर्ज?

"थांबायचा." मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी आठवीवर त्यांनी ध्वनीचा धडा सुरू केला. मुलं शांत बसली होती, उत्तरं देत होती, हात वर करत होती. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी त्यांच्यामागं आली आणि म्हणाली, बाई, उद्या पुढचं घेता का, हे तीन दिवस झालं. आणि मग घाईघाईनं म्हणाली, पण रोज छान वाटतं बाई, आम्हाला चालतंय, आमी सगळ्यांनी ठरवलंय की तुमाला सांगायचं नाय, माझ्याच तोंडातनं निघालं.

"चाळीस पोरं गं," बाई म्हणाल्या. "तीन दिवस एकानंही चुळबूळ केली नाही. आठवीची पोरं! मला सांभाळून घेत होती. त्यांनी मला सांभाळायचं, हे उलटं झालं. मी शिकवायला उभी राहते, कुणी मला सांभाळून घ्यावं म्हणून नाही."

मी खूप बोलले. रागावले, विनवण्या केल्या, मुख्याध्यापकांशी बोलते म्हटलं, थोडेच महिने राहिलेत म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना विस्मरण झालं होतं, पण हट्ट शाबूत होता. अर्ज गेला. निरोप समारंभ त्यांनी घेतला नाही. ज्या दिवशी त्या शाळेतून निघाल्या तो साधा मंगळवार होता, आणि आमच्यातलं कुणीही तिथं नव्हतं, कारण आम्ही सगळे आपापल्या वर्गात होतो.

मला वाटलं, आता फोनही थांबतील. पण सुनेनंच सांगितलं, थांबवू नका. "दिवे लागले की आई पुस्तक घेऊन फोनपाशी बसत्यात. नाय वाजला तर झोपत नाय." म्हणून आम्ही वार तसेच चालू ठेवले. आता उद्या वर्ग नव्हता, तरी उद्याचा धडा व्हायचा. परत सांगणं बंद झालं. आता त्या फक्त ऐकायच्या. गटाचा शनिवारही चालू आहे. त्या येत नाहीत. मॅग्नेशिअमची फीत आमच्यातलं कुणी आणत नाही, तसं कुणी ठरवलेलं नसताना.

परवाच्या बुधवारची गोष्ट. मी दाब शिकवत होते. तेच बल कमी जागेवर पडलं तर दाब वाढतो, जास्त जागेवर पसरलं तर कमी होतो. पुस्तकात खिळ्याचं उदाहरण आहे, ते सांगितलं. मग मी भाताच्या आवणीचं, म्हणजे लावणीचं सांगितलं. खाचरातल्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, पण तिथंच फळी टाकून फळीवर उभं राहिलं तर माणूस रुतत नाही. वजन तेच, चिखल तोच, जागा मात्र वाढली. हे उदाहरण बाईंचंच. मी शहरात वाढलेली, मला खाचर कुठलं माहीत असायला. गटातल्या एका शनिवारी त्यांनी ते मला दिलं होतं आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक आठवीला मी ते सांगते.

पलीकडं एकदम हालचाल झाली. "फळी टाकली तर रुतत नाही," बाई म्हणाल्या. आवाजात आनंद होता, खराखुरा. "वा! हे फार छान आहे. पोरांना लगेच कळेल. कुठून सुचलं तुम्हाला?"

त्या मला अहो-जाहो करत होत्या. मला आधी वाटलं, थट्टा चालली आहे. मी म्हटलं, "एका बाईंनी सांगितलं होतं."

"चांगल्या असणार त्या. आणि तुम्हीही छान शिकवता हो. घाई करत नाही." मग त्यांनी आवाज जरा खाली घेतला, एखाद्या नव्या माणसाला विश्वासात घ्यावं तसा. "कुठल्या शाळेवर आहात? एकट्याच असाल विज्ञानाला. ऐका, आमचा एक गट आहे. शनिवारी जमतो. तिथं कुणी कुणाला हसत नाही. तुम्ही या. मला हल्ली जमत नाही जायला, पण सातपूरला एक बाई आहेत, त्यांना भेटा. माझं नाव सांगा. जरा फटकळ आहेत, पहिल्यांदा अंगावर आल्यासारख्या बोलतील, तिकडं लक्ष देऊ नका. मनानं फार चांगल्या आहेत. माझं सगळं त्यांच्याजवळ आहे. भेटाल ना?"

मी म्हटलं, "हो. भेटते त्यांना."